तालुक्याच्या महाविद्यालयाचं वर्ष: प्रवेश, शिष्यवृत्ती आणि पगाराचा ताळमेळ

छोटं महाविद्यालय म्हणजे किती छोटं, ते आधी सांगायला हवं. तालुक्याच्या गावातलं अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालय, त्याला मागाहून जोडलेली विनाअनुदानित विज्ञान शाखा, तिन्ही वर्षं मिळून तीन-साडेतीनशे विद्यार्थी. मंजूर पूर्णवेळ पदांपैकी निम्मी रिकामी, कार्यालयात दोन लिपिक, आणि नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद) फायली ग्रंथपालाच्या टेबलावर. बीड, जालना, परभणी, हिंगोली, कुठल्याही तालुक्यात गेलात तरी असं एखादं सापडेलच. मराठवाड्यातले नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आणि उरलेले चार छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. विद्यापीठ कुठलंही असो, कार्यालयातलं वर्ष साधारण एकाच चालीनं जातं. ते कसं जातं आणि कुठे अडतं, ते इथे मांडलं आहे. नव्यानं प्रभारी प्राचार्य झालेल्यांना आणि संस्थेच्या सचिवांना त्याचा उपयोग व्हावा.

‘विद्यार्थी किती?’ या प्रश्नाला अशा महाविद्यालयात एकाच दिवशी पाच उत्तरं मिळतात. जनरल रजिस्टरमधली संख्या एक, विद्यापीठानं पात्रता मंजूर करून पीआरएन (कायमचा नोंदणी क्रमांक) दिलेली दुसरी, महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज केलेली तिसरी, परीक्षा अर्ज भरलेली चौथी, आणि अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या अर्जात भरलेली पाचवी. समजा, बीए प्रथम वर्षाला 100 प्रवेश झाले. पीआरएन 92 जणांना मिळतो, परीक्षा अर्ज 80 जण भरतात, पेपरला 70 बसतात आणि तिसऱ्या वर्षाला 45 पोहोचतात. शुल्क, शिष्यवृत्तीचा परतावा, वर्कलोड (शिक्षकांच्या तासांचा भार), नॅकचे गुण, प्रत्येक गोष्ट यातल्या वेगळ्या आकड्यावर ठरते. गेटवर मुलं कमी येतात ही अडचण खरी आहेच. पण आलेलं मूल पाचही ठिकाणी नोंदलेलं राहत नाही, आणि माझ्या मते महाविद्यालय त्यामुळे जास्त लवकर खचतं.

जून ते सप्टेंबर

बारावीचा निकाल लागला की प्राध्यापक गावोगाव फिरतात, बॅनर लागतात, कनिष्ठ महाविद्यालयांतून याद्या आणल्या जातात. बीए, बीकॉम, बीएस्सीला केंद्रीय प्रवेश फेरी नाही. अर्ज, गुणवत्ता यादी, प्रवेश, सगळं महाविद्यालयातच होतं. बीबीए आणि बीसीए मात्र 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत जाऊन सीईटीला जोडले गेले. तालुक्यातली मुलं त्या सीईटीचा अर्ज भरतच नाहीत, त्यामुळे बीसीएवर विज्ञान शाखेचा खर्च भागवणाऱ्या महाविद्यालयांना त्याचा मोठा फटका बसला.

जुलैचा आकडा धरून अंदाजपत्रक करू नये. फार्मसी, नर्सिंग, अभियांत्रिकी, बीएस्सी कृषी यांच्या फेऱ्या सप्टेंबरपर्यंत, कधी त्याहूनही पुढे चालतात. त्या यादीत नाव लागेपर्यंत हाताशी एक जागा असावी म्हणून बरीच मुलं बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवतात आणि नाव लागलं की टीसी मागायला येतात. म्हणून मूळ टीसी आणि बारावीचा मूळ मार्कमेमो जमा झालेला विद्यार्थी एका रकान्यात आणि झेरॉक्सवर प्रवेश घेतलेला दुसऱ्या रकान्यात, अशी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. दुसरा रकाना निम्मा गळतो असं गृहीत धरावं. नेलेल्या टीसीची नोंद जनरल रजिस्टरमध्ये त्याच दिवशी व्हायला हवी. नाहीतर त्या मुलाचं पात्रता शुल्क विद्यापीठाला भरलं जातं आणि ते परत मिळत नाही.

वेळापत्रक एसटीच्या गाड्यांवर बसवावं लागतं. पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीटही आहे, पण गाडीच साडेनऊला येत असेल तर आठचा तास रिकामाच जाणार. मुली टिकवायच्या असतील तर परतीची गाडी आणि शेवटचा तास यांत अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर ठेवू नये. आमच्याकडे मुलींची संख्या ज्या गावांतून घटली, तिथली दुपारची फेरी बंद झालेली होती. आगारप्रमुखांकडे गावनिहाय विद्यार्थीसंख्येचा तक्ता जोडून जूनमध्येच अर्ज दिला तर फेरीची वेळ बदलून मिळण्याची शक्यता असते. नुसत्या विनंतीपत्रावर काही होत नाही.

नाव एक, स्पेलिंग तीन

पात्रता, एबीसी आयडी (श्रेयांक जमा होतात त्या डिजिटल खात्याचा क्रमांक) आणि शिष्यवृत्ती या तिन्ही ठिकाणी अर्ज अडण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे नावाची इंग्रजी अक्षरं. ज्ञानेश्वरचं नाव बारावीच्या मार्कमेमोवर ‘डी’नं सुरू होतं, आधारवर ‘जी’नं, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव आधी छापलेलं असतं. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी काढताना आधारवरचं नाव येतं, विद्यापीठाच्या पोर्टलवर मार्कमेमोवरचं असतं, आणि दोन्ही जुळत नाहीत. ही दुरुस्ती परीक्षा अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात निघाली तर आधार केंद्रावर दिवस मोडतो आणि विद्यार्थी कंटाळून सोडून देतो.

उपाय साधा आहे, पण जूनमध्येच करावा लागतो. प्रवेश अर्ज घेताना मार्कमेमो, आधार आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, तिन्हींवरचं नाव लिपिकानं अक्षर अक्षर वाचायचं आणि फरक असेल तर अर्जाच्या कोपऱ्यात तसा शेरा मारायचा. शेरा असलेल्या मुलांची यादी वेगळी काढून गावातल्या आधार केंद्रावर एकाच आठवड्यात पाठवायची. आधार मार्कमेमोप्रमाणे करून घ्यावं. मार्कमेमो बदलायला मंडळाच्या विभागीय कार्यालयापर्यंत जावं लागतं आणि शाळेच्या मूळ रजिस्टरचा उतारा लागतो, त्यात वर्ष निघून जातं.

महाडीबीटी

मराठवाड्यातल्या छोट्या महाविद्यालयात बहुसंख्य विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या शिष्यवृत्तीत बसतात. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी, आणि आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी 8 लाख उत्पन्नमर्यादेची राजर्षी शाहू महाराज योजना. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी शुल्क घेता येत नाही, ते शासनाकडून परत येतं. धोरण योग्यच आहे. फी रोख मागितली असती तर यातली निम्मी मुलं आली नसती. पण परतावा येईपर्यंतचा काळ महाविद्यालयाला स्वतःच्या बळावर काढावा लागतो.

अर्जाची वाट अशी: विद्यार्थ्याचं लॉगिन, मग महाविद्यालयातील लिपिकाचं, मग प्राचार्यांचं, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं किंवा योजनेप्रमाणे उच्च शिक्षण सहसंचालकांचं. त्याआधी महाविद्यालयाला आपला अभ्यासक्रम आणि त्याची फी पोर्टलवर चढवून मंजूर करून घ्यावी लागते. हे राहिलं तर विद्यार्थ्याला यादीत महाविद्यालयाचं नाव दिसतं पण अभ्यासक्रम दिसत नाही, आणि तो भलत्याच अभ्यासक्रमावर अर्ज टाकून मोकळा होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यासक्रमांची नावं बदलली, तेव्हापासून ही तपासणी दर वर्षी न चुकता करावी लागते.

अर्ज परत येण्याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. उत्पन्नाचा दाखला जुना जोडलेला. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलेली. बारावीनंतर एक-दोन वर्षं गेलेली, पण गॅप प्रतिज्ञापत्र नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलानं ‘नूतनीकरण’ऐवजी ‘नवीन’ अर्ज भरलेला. अर्ज परत आला की सूचना विद्यार्थ्याच्या मोबाइलवर जाते, आणि तो नंबर बहुधा नेट कॅफेवाल्याचा असतो. म्हणून परत आलेल्या अर्जांची यादी लिपिकानं दर सोमवारी काढून सूचना फलकावर आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलीच पाहिजे. विद्यार्थ्यावर सोडलेले परतीचे अर्ज शेवटच्या तारखेपर्यंत तसेच पडून राहतात.

त्यापुढचा अडथळा बँकेचा. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार एनपीसीआयवर (बँकांच्या राष्ट्रीय देयक यंत्रणेत) ज्या खात्याशी जोडलेलं आहे तिथे जातात. सिम घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं मुलाच्या लक्षातही नसतं, आणि आधार नेमकं त्यालाच जोडलेलं असतं. मूल सांगतं पैसे आलेच नाहीत, पोर्टल सांगतं जमा झाले. प्रवेशाच्या वेळीच आधार-बँक जोडणीची स्थिती मोबाइलवर उघडून बँकेचं नाव अर्जावर लिहून घेतलं की हा घोळ होत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांबाबत 2021-22 पासून पद्धत बदलली आहे. केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातली शुल्काची रक्कम त्यानं सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. आता घरची परिस्थिती बघा. रक्कम जमा झाली त्याच आठवड्यात खताची उधारी किंवा बहिणीचं लग्न असेल, तर ते पैसे घरात खर्च होणार. मुलाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, आणि कागदपत्रं अडवून ठेवणं तर चुकीचंच. रक्कम जमा झाल्याची यादी पोर्टलवर दिसताच पालकांशी बोलणं आणि शुल्काचे हप्ते पाडून देणं, एवढाच मार्ग माणुसकीला धरून आहे. वसुली पूर्ण होत नाही, हे अंदाजपत्रकात आधीच धरावं.

रोखीचा हिशेब किती तंग होतो, ते विनाअनुदानित विज्ञान शाखेत दिसतं. समजा, 60 विद्यार्थी आणि फी 10,000 रुपये. कागदावर 6 लाख. त्यातले 45 शिष्यवृत्तीचे, म्हणजे 4 लाख 50 हजार पुढच्या वर्षावर ढकलले, हातात दीड लाख. तीन शिक्षकांना महिना 15,000 दिले तर दहा महिन्यांचे 4 लाख 50 हजार. प्रयोगशाळेची रसायनं, वीजबिल, विद्यापीठाचं संलग्नीकरण शुल्क, परीक्षा अर्जाबरोबर भरायचं शुल्क, हे सगळं अजून बाहेरच. साहजिकच रसायनशास्त्राच्या शिक्षकाचा पगार चार-चार महिने थकतो, तो डिसेंबरमध्ये लातूरच्या एखाद्या नीट क्लासला निघून जातो, आणि दुसऱ्या सत्राची प्रात्यक्षिकं उरकली जातात. मागच्या वर्षीचा परतावा चालू वर्षाच्या खर्चाला, ही साखळी एका वर्षी तुटली की सावरायला दोन-तीन वर्षं जातात. परताव्यासाठी वेगळं बँक खातं ठेवून त्यातून फक्त पगारच द्यायचे, असा ठराव महाविद्यालय विकास समितीत करून घेतला तर थोडीफार शिस्त राहते.

दसऱ्यानंतरचा वर्ग

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. शाळेतल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात, पण बीएच्या मुलाला त्यात जागा नसते. त्यानं मुकादमाची उचल घेतलेली असते, किंवा आईवडील गेल्यावर धाकट्या भावंडांचं आणि जनावरांचं बघायला मुलगी घरी राहते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे अठरा-एकोणीसची मुलगी दिवाळीच्या आधी लग्न होऊन पटावरून जाते, हेही दर वर्षीचं आहे. शिष्यवृत्तीला 75 टक्के हजेरी लागते. ही मुलं हजेरीत बसत नाहीत, आणि परीक्षा अर्ज भरायच्या तारखा नेमक्या याच दिवसांत येतात.

यावर काही गोष्टी करता येतात, आणि त्यांनी फरक पडतो. ऑगस्टमध्येच वर्गशिक्षकानं विचारून स्थलांतराची यादी करायची: कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, कधी परतणार. त्या मुलांची अंतर्गत चाचणी, प्रकल्पाचा विषय आणि सही लागणारे सगळे कागद सप्टेंबरअखेर पूर्ण करून घ्यायचे. परीक्षा अर्जाची फोटो-सही आधी घेऊन ठेवायची, म्हणजे तारीख जाहीर झाल्यावर ऑनलाइन अर्ज महाविद्यालयातून भरता येतो. मोबाइल नंबर तीन घ्यायचे: स्वतःचा, घरच्यांपैकी कुणाचा, आणि गावातल्या किराणा दुकानाचा किंवा शेजाऱ्याचा. फडात रेंज नसते, चार्जिंग नसतं. गावातल्या नंबरवर दिलेला निरोप मात्र दोन दिवसांत पोहोचतो. परीक्षेला चार दिवस येऊन राहायचं तर मुलींसाठी जागा लागते. गावातल्या एखाद्या वसतिगृहात तेवढ्यापुरती सोय लावून देता आली तर ज्या मुलींचं वर्ष वाया गेलं असतं त्या पेपर देतात. या कामाला कुठल्याही योजनेत पैसा नाही. ते प्राध्यापकांनी वर्गणी काढून केलं जातं, आणि माझ्या दृष्टीनं वर्षभरात त्याहून मोलाचं दुसरं काम नाही.

वर्कलोडची उतरंड

अनुदानित शाखेचा पगार शासन देतं, म्हणून ती सुरक्षित आहे असा समज असतो. पण पद टिकतं वर्कलोडवर. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन लागतं. विषयाला विद्यार्थी घटले, तुकडी कमी झाली, की तास कमी. मग निवृत्तीनंतर ते पद पुन्हा भरायला परवानगी मिळत नाही, तिथे तासिका तत्त्वावर (सीएचबी) माणूस येतो. एका पूर्णवेळ रिक्त पदामागे दोन सीएचबी, प्रत्येकी आठवड्याला 9 तासिका. नेट-सेट, पीएचडी असलेला माणूस दोन महाविद्यालयांत धावपळ करतो, मानधन वर्षाअखेर मिळतं, आणि प्रवेशाच्या काळात जून-जुलैला त्याची नेमणूकच नसते. त्या विषयासाठी मुलांशी बोलायलाच कुणी नसतं आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी आणखी घटतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी रचना 2024-25 पासून संलग्नित महाविद्यालयांत आली आणि ही उतरंड आणखी घसरती झाली. पूर्वी बीएला तीन ऐच्छिक विषय सारख्या तोलाचे असत. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी तिन्हींना तास मिळत. आता एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम). मुलांनी मेजरला मराठी आणि राज्यशास्त्र उचललं की इतिहासाचे तास एकदम खाली येतात. म्हणून जोड्या ठरवण्याचं काम विद्यार्थ्याच्या आवडीइतकंच कोणत्या विषयात पूर्णवेळ माणूस शिल्लक आहे हे बघून, मे महिन्यात विभागप्रमुखांना एकत्र बसवूनच करावं लागतं. खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतला हवा असतो. नुसतं कला महाविद्यालय असेल तर शेजारच्या महाविद्यालयाशी करार करावा, किंवा ‘स्वयम्’ या केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरचा अभ्यासक्रम द्यावा, 2021 च्या यूजीसी नियमांनी 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात. चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे 120 तास. तालुक्यात कारखाने नसले तरी बाजार समिती, पतसंस्था, जिनिंग, दूध संकलन केंद्र, सेतू, सीएचे कार्यालय एवढी ठिकाणं असतात. त्यांच्याशी पत्रव्यवहार पहिल्याच वर्षी सुरू करावा, कारण एक पतसंस्था एका वेळी दोन-चार मुलांपेक्षा जास्त घेत नाही.

भरतीची परवानगी आलीच तर सगळा खोळंबा बिंदूनामावलीत, म्हणजे पदांच्या आरक्षणाच्या रोस्टरमध्ये होतो. विद्यापीठाचा विशेष कक्ष आणि विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष यांनी रोस्टर तपासल्याशिवाय जाहिरात निघत नाही. जुन्या नेमणुकांचे आदेश, मान्यतापत्रं, जात प्रमाणपत्रं आणि वैधता यांतला एक कागद नसला तरी फाइल परत येते. निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या सेवापुस्तिका कार्यालयात सापडत नाहीत, हे फार ठिकाणी घडतं. रोस्टर भरती नसतानाही दर वर्षी अद्ययावत करून ठेवणं हाच एक इलाज.

संस्था आणि समिती

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 97 प्रमाणे महाविद्यालय विकास समिती हवी, तिच्या वर्षात किमान चार बैठका हव्यात आणि अंदाजपत्रक तिच्यातूनच जायला हवं. इतिवृत्त एकाच दिवशी बसून चारही बैठकांचं लिहिलं की नॅकच्या समितीसमोर ते उघडं पडतं. याहून गंभीर म्हणजे धर्मादाय कार्यालयातला फेरफार अर्ज. अध्यक्ष वारले, विश्वस्त बदलले, आणि विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 चा अर्ज 90 दिवसांत गेला नाही, की दोन गट होतात. दोघेही आपणच कार्यकारिणी म्हणतात, बँक स्वाक्षरी थांबवते, विद्यापीठ दोघांचीही पत्रं बाजूला ठेवतं. नेमणुका, संलग्नीकरण, बांधकाम, सगळं तिथेच अडतं. प्राचार्याला यात बाजू घेता येत नाही, पण फेरफाराची मुदत सचिवांना लेखी कळवून त्याची आवक-जावक नोंद ठेवणं त्याच्या हातात आहे.

नॅकबद्दल थोडक्यात. छोट्या महाविद्यालयाचे गुण मुख्यतः दोन जागी जातात: प्रवेशक्षमतेच्या तुलनेत भरलेल्या जागा, आणि मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक. दोन्ही गोष्टी समिती येण्याच्या आदल्या महिन्यात सुधारता येत नाहीत. वार्षिक अहवाल वेळेवर भरलेले असले आणि वर सांगितलेले पाचही आकडे एकमेकांशी जुळत असले, तर निदान पडताळणीत खुलासे द्यावे लागत नाहीत. बारावी पंचवार्षिक योजना मार्च 2017 मध्ये संपली आणि यूजीसीचं विकास अनुदान थांबलं. तेव्हापासून इमारत आणि साधनांसाठीचा पैसा आधी रुसा आणि नंतर पीएम-उषा या केंद्राच्या योजनांच्या वाटेनं येतो, आणि तिथे मूल्यांकन नसलेल्या महाविद्यालयाला उभं राहणं अवघड आहे.

एखादी शाखा सलग काही वर्षं रिकामी राहत असेल, तर ती टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा विचार वेळेवर व्हावा. पहिल्या वर्षी फक्त प्रथम वर्षाचे प्रवेश थांबवायचे, आत असलेल्यांना पदवीपर्यंत न्यायचं, नापास राहिलेल्यांच्या परीक्षांची सोय विद्यापीठाकडून लेखी ठरवून घ्यायची. प्रयोगशाळेचं साहित्य डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे मोजून कनिष्ठ महाविद्यालयाकडे वर्ग करता येतं. जनरल रजिस्टर, निकालपत्रकं आणि टीसीची स्थळप्रत मात्र कायम ठेवावी लागते, कारण पंधरा वर्षांनी पोलीस भरतीच्या किंवा जात वैधतेच्या पडताळणीसाठी कुणीतरी त्यातलाच उतारा मागायला येणार असतो, आणि तो शोधून देणारा लिपिक तोवर निवृत्त झालेला असतो. म्हणून बंद होणाऱ्या शाखेची रजिस्टरं आधी स्कॅन करावीत, त्यांची वर्षवार सूची करावी, आणि सूचीची एक प्रत विद्यापीठाच्या पात्रता विभागात पोच घेऊन जमा करावी.